गावाचे दप्तर गावात राहिले पाहिजे

कोल्हापूरचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पन्हाळा येतो, राजवाडे येतात, अंबाबाईचे देऊळ आणि खासबागेचे मैदान येते आणि या सगळ्याच्या मध्यभागी राजर्षी शाहू महाराजांची १८९४ ते १९२२ ही कारकीर्द येते. या इतिहासाला व्यासंगी अभ्यासक लाभले, संस्थानचे कागद पुरालेखागारात जपले गेले आणि त्यांवर ग्रंथ उभे राहिले, याचा मला कोल्हापूरकर म्हणून अभिमान आहे. परंतु जिल्ह्यातली बहुसंख्य माणसे जिथे जन्मली, शिकली, राबली आणि म्हातारी झाली, त्या मुरगूड, आजरा, गारगोटी, पेठ वडगाव, हुपरी, कुरुंदवाड, मलकापूर यांसारख्या बाजारगावांचा आणि त्यांच्या भोवतालच्या खेड्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास फार थोडा लिहिला गेला आहे, आणि जो लिहायचा राहिला आहे त्याची साधने आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत. गावातली जुनी दप्तरे आणि गावातल्या वृद्धांच्या आठवणी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती जपण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने ठराव करून आणि पैसे ठेवून घेतली पाहिजे, आणि ती जपण्याची जागा गावातच असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी एकदाच का होऊ नये, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर या जिल्ह्याच्या घडणीतच आहे. करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, पण त्या संस्थानातही कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड यांसारख्या जहागिऱ्या होत्या आणि त्यांचा कारभार त्यांच्या त्यांच्या कचेऱ्यांतून चाले. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे वेगळे संस्थान होते. चंदगडचा मुलूख तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. म्हणजे आज आपण ज्याला एक जिल्हा म्हणतो, त्यातली गावे दोन पिढ्यांपूर्वी वेगवेगळ्या धन्यांना सारा भरत होती आणि त्यांचे कागद वेगवेगळ्या दिशांना गेले. कोल्हापूर शहरातल्या दप्तरावरून चंदगडच्या खेड्याचा किंवा कुरुंदवाडच्या घाटाचा इतिहास पुरता कळणार नाही. १८५४ मधला इंग्रज अधिकारी ग्रॅहॅमचा कोल्हापूर संस्थानावरचा अहवाल, १८८६ चे मुंबई इलाख्याचे गॅझेटियर आणि १९६० चे जिल्हा गॅझेटियर ही मोलाची साधने आहेत, परंतु त्यांत गावाच्या वाट्याला बहुधा लोकसंख्या, बाजाराचा वार, एखादे देऊळ आणि जत्रा एवढेच येते. गावातले माणूस त्यात शोधूनही सापडत नाही.

गावातले माणूस सापडते ते गावच्या कागदात. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून तलाठी नेमले, तेव्हा गावचे दप्तर वतनदाराच्या घरातून सरकारी कारभारात आले, आणि हा बदल लहान नव्हता. आपल्या जमिनीचा कागद कोणाच्या ओसरीवर उभे राहून मागायचा, हा प्रश्न त्याने बदलला. असे असूनही अनेक जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर मोडीतले कागद आजही फडक्यात बांधून पडलेले आहेत. शाळांतून मोडीचे शिक्षण बंद होऊन सत्तरएक वर्षे झाली. ज्यांना ते कागद घडाघडा वाचता येत होते ती पिढी जवळजवळ गेली, आणि वाडा पाडून स्लॅब टाकायची वेळ आली की ते गाठोडे प्रथम अंगणात येते, मग बंबात जाते.

दप्तर म्हणजे केवळ मोडी कागद आणि सनदा असे मात्र कोणी समजू नये. माझ्या मते गावातले सर्वांत मौल्यवान ऐतिहासिक साधन म्हणजे मराठी शाळेचे जनरल रजिस्टर. मी वेदगंगेच्या काठी, कागल तालुक्यात वाढलो. आमच्या शाळेचे जुने रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने काही दिवस मला पाहायला मिळाले. कापडी पाठीचे, वाळवीने कडा खाल्लेले, टाकाने लिहिलेल्या वळणदार अक्षरांचे ते जाड पुस्तक आहे. विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण असे त्याचे रकाने आहेत. जन्मतारखेच्या रकान्यात पानेच्या पाने १ जून ही तारीख येते, कारण घरी कोणाला तारीख ठाऊक नसे आणि गुरुजी शाळेला सोयीची तारीख लावून देत. या एका रकान्यावरून त्या काळच्या घरांचे काळाशी नाते कसे होते ते कळते: आई सांगायची ती मानमोडीच्या साथीनंतरची दुसरी सुगी, आणि रजिस्टरात उतरायचा तो १ जून.

त्याहून बोलका आहे तो शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना. मुलग्यांच्या नावापुढे 'गैरहजर', 'परगावी गेला', 'शेतीकाम' अशी कारणे आहेत. मुलींच्या नावापुढे तिसरी-चौथीच्या सुमारास एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, 'घरकाम', आणि मध्येच कुठे 'लग्न'. कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा कायदा १९१७ मध्ये झाला, हे आपण भाषणांतून अभिमानाने सांगतो आणि सांगितलेच पाहिजे. पण तो कायदा गावाच्या वेशीतून आत आल्यावर कोणत्या घरापर्यंत पोचला, कोणत्या वस्तीच्या उंबऱ्यावर थांबला, महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली मुले कोणत्या वर्षापासून वरच्या इयत्तांत दिसू लागली, पहिली मुलगी सातवी कधी झाली, हे सांगण्याची ताकद फक्त या रजिस्टरात आहे. राजाच्या धोरणाचा खरा हिशेब राजवाड्यात मिळत नाही, तो शाळेच्या कपाटात मिळतो. त्या कपाटावर पावसात पत्र्यातून पाणी गळते, हे मी स्वतः पाहिले आहे.

सहकाराच्या बाबतीत आपली हानी याहून मोठी आहे, कारण या जिल्ह्याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास हा बहुतांशी सहकाराचा इतिहास आहे. पंचगंगा कारखाना आणि देशभक्त रत्नाप्पा कुंभार, वारणा आणि तात्यासाहेब कोरे, १९६३ मध्ये स्थापन झालेला जिल्हा दूध संघ, यांच्याविषयी लिहिलेले मिळते. परंतु सहकार उभा राहिला तो गावच्या विकास सोसायटीत, पाणीपुरवठा संस्थेत आणि पहाटे पाचला उघडणाऱ्या दूध संस्थेत. माळाच्या ज्या रानात जोंधळा आणि भुईमूग येत होता तिथे नदीचे पाणी उपसून ऊस कसा आला, त्यासाठी कोणी कोणाच्या बांधावरून पाइप नेऊ दिला, बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायच्या वेळी वरच्या आणि खालच्या गावांत काय ठरले आणि काय मोडले, हे सारे त्या संस्थांच्या इतिवृत्तांच्या वह्यांत आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे नाव महाराष्ट्रभर गेले, पण त्या बंधाऱ्याभोवतीचे पाण्याचे राजकारण आणि पाण्याचे शहाणपण ज्या वह्यांत उतरले, त्यांतल्या कितीतरी वह्या संस्था अवसायनात निघाल्यावर रद्दीच्या भावाने गेल्या. माझ्या माहितीतल्या एका संस्थेची पहिल्या वीस वर्षांची इतिवृत्ते इमारतीच्या रंगरंगोटीच्या वेळी टेम्पोत भरून पाठवली गेली, आणि ते करणाऱ्यांच्या मनात कोणताही वाईट हेतू नव्हता. ती ठेवायची असतात असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

अशा संस्था रौप्यमहोत्सवाला किंवा सुवर्णमहोत्सवाला स्मरणिका काढतात, ती गुळगुळीत कागदावर छापलेली असते, आणि तिच्यात चेअरमन, संचालक, पाहुणे आणि जाहिराती असतात. त्या स्मरणिकांनाही काही मोल आहे. निदान तारखा तरी राहतात. पण दुधाच्या संस्थेत पन्नास वर्षे दूध कोणी आणले हे त्यांत नसते. गोठ्यातले शेण, वैरण, धार या सगळ्याचे धनी बाईचे हात होते आणि संस्थेच्या खात्यावर नाव मात्र बहुतेक ठिकाणी घरच्या कर्त्या पुरुषाचे होते, त्यामुळे कागद आणि स्मरणिका दोन्हींत ती बाई नाही. तिच्यापर्यंत पोचायचे तर तिच्याशीच बोलले पाहिजे. म्हणूनच मी दप्तर आणि आठवणी यांची मागणी एकत्र करतो. गुऱ्हाळघराचेही तसेच आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बाजार समितीत रव्यांची आवक किती झाली याचे आकडे मिळतील. पण काहिलीतल्या रसाला कोणत्या घडीला भेंडीचे पाणी द्यायचे, उकळीच्या आवाजावरून आणि बुडबुड्यांच्या आकारावरून गूळ उतरायला आला हे कसे ओळखायचे, हे ज्ञान गुळव्याच्या डोळ्यांत आणि कानांत असते. गुऱ्हाळघरे एकामागून एक बंद होत असताना तो गुळव्या कोणत्या आकड्यात मोजला जाणार?

ज्यांचे गावच उरले नाही त्यांची गोष्ट तर फारच निकडीची आहे. दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण झाले, वारणेवर चांदोलीचे झाले, आणि डोंगरकपारीतली माणसे खाली पठारावर वसाहतींत येऊन राहिली. वसाहतीच्या पाटीवर जुन्या गावाचे नाव असते आणि पुढे 'पुनर्वसन वसाहत' एवढे लिहिलेले असते. नकाशावर त्या गावाच्या जागी निळा रंग आहे. त्या गावात घरे कोणत्या तोंडाची होती, देवराई कोणत्या अंगाला होती, नाचणीची रोपे कोणत्या उतारावर लावत, मोबदल्याच्या नोटिसा आल्या तेव्हा कोण रडले आणि कोणी सही द्यायला नकार दिला, हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या नातवंडांनी मूळ गाव पाहिलेले नाही, आणि शेजारच्या जुन्या गावाने त्यांना अजून पूर्णपणे आपले म्हटलेले नाही. धरणाच्या पाण्यावर ज्यांची शेती फुलली, त्यांनी या माणसांच्या आठवणी लिहून ठेवणे हे उपकार नव्हे, देणे आहे.

हे सारे भावनेचे खेळ आहेत, गावाला आधी गटार आणि रस्ता हवा, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि गावाला गटार आणि रस्ता हवा हे खरेच आहे. पण स्थानिक इतिहासाची गरज किती व्यवहारी असते हे आपल्याला गेल्या काही वर्षांत दोनदा दिसले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी असताना पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, आणि पुन्हा २०२१ मध्ये तसाच पूर आला. शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरले आणि घरांबरोबर कागदपत्रांची कपाटेही बुडाली. जुनी गावठाणे बहुधा उंचवट्यावर वसलेली होती, आणि नदीकाठच्या मळीत घर बांधू नये हे शहाणपण जुन्या माणसांच्या बोलण्यात होते. नंतरच्या वाढीव वस्त्या मात्र प्लॉट पडतील तशा खाली उतरत गेल्या. १९८९ चे आणि २००५ चे पाणी कोणत्या देवळाच्या कोणत्या पायरीला लागले होते हे प्रत्येक गावाने लिहून, भिंतीवर खूण करून ठेवले असते, तर नदीकाठच्या बांधकामाला मर्यादा घालणारी निळी आणि लाल पूररेषा आखणाऱ्यांशी गावाला पुराव्याने बोलता आले असते.

दुसरा प्रसंग २०२३ पासूनचा. कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी, मोडीतले कागद यांचा शोध सुरू झाला. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाच्या प्रश्नावर मतभेद आहेत आणि तो या लेखाचा विषय नाही. पण ज्या कागदांकडे गावाने पन्नास वर्षे पाहिले नव्हते त्यांवर हजारो कुटुंबांच्या मुलांचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असू शकते, हे त्या शोधाने सिद्ध केले. जिथे रजिस्टर वाळवीने खाल्ले होते तिथल्या माणसाला आपली बाजू मांडायला कागदच उरला नाही. आणि केवळ दाखल्यापुरती नोंद शोधून बाकीचे पुस्तक पुन्हा गळक्या कपाटात ठेवले जात असेल, तर आपण या अनुभवातून काहीही शिकलेलो नाही.

सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण असते. अ वर्ग कायमचा जपायचा आणि खालचे वर्ग ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायचे. कारभाराच्या दृष्टीने ही व्यवस्था योग्य आहे, कारण प्रत्येक चिठ्ठी जपता येत नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने जे जिवंत असते, म्हणजे १९७२ च्या दुष्काळातल्या कामांचे हजेरीपट, तक्रारअर्ज, पाणी सोडण्याविषयीची पत्रे, ते नेमके खालच्या वर्गांत पडते आणि मुदत संपली की जाते. नष्ट करण्यापूर्वी ते गावाला दाखवावे, आणि गावाने मागितले तर गावाच्या संग्रहात द्यावे, एवढी एक सुधारणा नियमांत झाली पाहिजे. त्यासाठी शासनाला वेगळा पैसा लागणार नाही.

आठवणींवर कितपत विश्वास ठेवायचा, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. माणूस विसरतो, आपल्याकडे मोठेपणा घेतो, 'आमच्या वेळी' असे म्हणत जुने दिवस गोड करून सांगतो. गावगाड्याच्या आठवणी सांगताना चावडीसमोरचा पार, बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि बेंदराचा सण सगळ्यांना आठवतो, पण त्याच गावात पाणवठे वेगळे होते हे सांगताना अनेकांचा आवाज खाली येतो. माणगावची १९२० ची परिषद, जिथे शाहू महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे गौरवले, ती आज सर्वांना आपली वाटते. तिच्यानंतर आपल्याच गावातल्या विहिरीवर काय घडले हे विचारले की मात्र उत्तर मिळत नाही. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर या भागात ब्राह्मणांची घरे जळाली, त्याविषयीही गावोगाव असेच मौन आहे. गारगोटीच्या कचेरीवर डिसेंबर १९४२ मध्ये झालेल्या हल्ल्यातल्या हुतात्म्यांना आपण दर वर्षी अभिवादन करतो, परंतु त्या दिवसांत भूमिगतांना भाकरी कोणी पोचवली आणि कोणाच्या घराची झडती झाली, ही गोष्ट समारंभात मावत नाही.

आठवण चुकते म्हणून ती टाकून द्यावी, हे मला मान्य नाही. आठवण कागदाशी ताडून पाहावी आणि कागद आठवणीशी. जनरल रजिस्टरात 'घरकाम' असे लिहिले आहे. त्या मुलीला आज विचारले तर ती कदाचित सांगेल की धाकट्या भावाला सांभाळायला घरात कोणी नव्हते, किंवा शाळेत तिला वेगळे बसवत असत. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की इतिहास तयार होऊ लागतो. एकाच प्रसंगाच्या तीन वस्त्यांतल्या तीन हकिगती वेगळ्या निघाल्या तर तिन्ही ठेवाव्यात, आणि सांगणाऱ्याचे वय, वस्ती आणि त्या प्रसंगी तो कुठे होता हे सोबत लिहावे. गावातल्या एकाच मोठ्या घराकडून गावाचा इतिहास लिहून घेण्याची जी पद्धत पडली आहे ती सर्वांत घातक आहे, कारण तिच्यामुळे एका घराची कैफियत साऱ्या गावाच्या नावावर जमा होते.

मोबाइलवर सगळे जमा होते आहेच, असेही तरुण मित्र म्हणतात. गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर जुने फोटो येतात, त्यांखाली नमस्काराच्या खुणा पडतात, आणि फोटोत उभी असलेली माणसे कोण, वर्ष कोणते, हे विचारेपर्यंत तो फोटो वर निघून जातो. ते साधन चांगले आहे, पण ज्याला तारीख नाही, नाव नाही आणि ठेवण्याची जागा नाही, तो संग्रह होत नाही. जमिनीचे वाद आणि भाऊबंदकी उकरली जाईल ही भीती मात्र खोटी नाही. तिच्यावर उपाय आहे: सांगणाऱ्याने जे भाग आपल्या हयातीत उघड करू नका असे सांगितले ते बंद पाकिटात राहतील, आणि जिवंत माणसांच्या जमिनीच्या किंवा घरगुती भांडणाच्या नोंदी ठरावीक वर्षांपर्यंत कोणाला दाखवल्या जाणार नाहीत, असा नियम पहिल्याच दिवशी लिहून काढला पाहिजे.

राहिला प्रश्न जागेचा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालत आले आहे, आणि भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. ज्या मुलखाने हे केले, त्या मुलखातली खेड्यांतली वाचनालये आज तुटपुंज्या अनुदानावर, दोन वर्तमानपत्रे आणि एका अर्धवेळ ग्रंथपालावर तगून आहेत, ही खेदाची गोष्ट आहे. गावचा संग्रह त्या वाचनालयात असावा. ग्रामपंचायतीत तो ठेवला तर निवडणुकीनंतर कपाटाची किल्ली बदलते. शाळेत ठेवला तर शिक्षकांची बदली होते. वाचनालय हे गावातले असे ठिकाण आहे जिथे सर्व गटांची माणसे निदान वर्तमानपत्रासाठी तरी येतात. एक कोरडी खोली, दोन लोखंडी कपाटे, जमिनीपासून वर उचललेले फळ्यांचे कप्पे, नदीकाठच्या गावात वरचा मजला, रजिस्टरांच्या पानांचे फोटो काढून ते गावाबाहेर आणखी एका ठिकाणी ठेवण्याची सोय, आणि महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्या गावच्याच दोन मुलांना सुट्टीत वृद्धांकडे जाण्यासाठी मानधन, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये तालुक्या-तालुक्यांत आहेत. मोडी शिकलेले विद्यार्थीही तिथूनच मिळतील.

ग्रामसभेपुढे हा विषय येणाऱ्या २ ऑक्टोबरलाच ठेवता येईल. शाळेच्या जनरल रजिस्टरांची सुस्थितीतली प्रत काढणे, बंद पडलेल्या आणि चालू संस्थांनी आपली जुनी इतिवृत्ते वाचनालयाला विचारल्याशिवाय रद्दीत न देणे, आणि सर्व वस्त्यांतल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या बायका-पुरुषांची यादी करून, ज्यांची तब्येत आधी ढासळते आहे त्यांच्याकडे आधी जाणे, इतका मजकूर पहिल्या ठरावात असला तरी काम सुरू होते. यादी करताना ती वाड्यांपासून नव्हे, गावाच्या कडेच्या वस्त्यांपासून करावी, कारण तिथल्या घरांत माळ्यावर कागदांची गाठोडी नाहीत आणि तिथले जे काही आहे ते फक्त माणसांच्या तोंडी आहे.